पाहणे आणि जवळ जाणे

नाताळ जवळ आला की गिरगावातील खोताच्या वाडीत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. परदेशी स्थायिक झालेली आपलीच मुले कॅमेरा घेऊन येतात. कौलारू छपरे, लाकडी सज्जे, बाहेरून माडीवर जाणारे जिने टिपून घेतात आणि परततात. पुढे दूरदेशीच्या एखाद्या भिंतीवर वाडी टांगली जाते. या छंदात वावगे काही नाही. तरीही आमच्या मनात एक प्रश्न घोळत राहतो : ज्याचे आपण छायाचित्र घेतो, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

वाडी म्हणजे महानगराच्या पोटात उरलेले खेडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोतांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना येथे जागा विकल्या आणि घरे उभी राहिली. एकेकाळी ती ६५ होती. आज तिशीही भरत नाही. छायाचित्रात कौले दिसतात. पावसाळ्यापूर्वी ती शाकारताना होणारी घरच्यांची ओढाताण दिसत नाही. ज्याला तेथे राहावे लागत नाही, त्याला देखावा अधिकच सुंदर वाटतो.

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने येथील निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा. जोडणी मागाहून केलेली. त्याने माणसे त्यांच्या जागेवरून उचलली. आपण जागा ठेवतो आणि माणसे वगळतो.

एका तरुणाने आम्हांस सांगितले, “फादर, उद्या घर पडले तर निदान चित्र तरी उरेल.” त्याचे म्हणणे खोटे नाही. चित्र ही साक्ष आहे, आणि साक्षीला मोल असते. परंतु थोड्याच वेळाने ओसरीवर बसलेल्या वृद्धेला तो म्हणाला, “मावशी, जरा बाजूला होता का?” ती निमूटपणे उठून आत गेली. आम्ही समोरच उभे होतो. आम्हीही काही बोललो नाही.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी वाटसरूला तिघांनीही पाहिले. जवळ मात्र एकच गेला. पाहून पुढे गेलेल्यांत पहिला याजक होता, हे आम्हांस त्या रात्री आठवले.

चित्र अवश्य घ्यावे. मात्र आधी ओसरी चढावी, नाव विचारावे, घोटभर चहा घ्यावा. परत गेल्यावर एक प्रत टपालाने धाडावी, आणि जमेल तर कौलांच्या खर्चातही वाटा उचलावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वृद्धेकडे क्षमा मागावयास गेलो. ती हसली आणि तिने एवढेच विचारले, “फादर, पोराचा फोटो चांगला आला का?”