आश्रिताचे वार्धक्य



शरणागतीचे स्वरूप समजावून देताना श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेतील आचार्यांनी दोन दृष्टान्त योजिले आहेत. माकडीण एका फांदीवरून दुसरीवर झेप घेते, तेव्हा तिचे पिलू तिच्या पोटाशी घट्ट बिलगलेले असते. त्याची मिठी सुटली की ते खाली पडते. मांजरीचे पिलू मात्र काहीच करीत नाही. आई त्याला मानेच्या सैल कातडीस हळुवार दातांत धरते आणि निर्भय जागी नेऊन ठेवते. पहिला मर्कटकिशोर न्याय, दुसरा मार्जारकिशोर न्याय. वडकलै पंथाने पहिल्याचा पुरस्कार केला, तेंकलै पंथाने दुसऱ्याचा. या वादाचा निर्णय करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु संकटकाळी देवापुढे उभे राहिल्यावर आपण बहुतेक सर्वजण मांजरीचे पिलूच होतो, हे खरे. आपली योग्यता पाहून देवाने कृपा करावी, असे त्या वेळी कोणी म्हणत नाही. योग्यता न पाहता करावी, असेच प्रत्येकजण म्हणतो.

ज्या प्राण्याने आचार्यांना हा दृष्टान्त पुरविला, तो प्राणी आपल्या घरी म्हातारा झाला म्हणजे आपण त्याच्याशी कसे वागतो, याचा विचार आज करावयाचा आहे. मंदिराच्या पत्रिकेत मांजराचा विषय कशाला, अशी शंका कोणास येईल. तिला उत्तर एवढेच की गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ हा एक आहे. मुक्या जीवांचा वाटा काढून ठेवल्यावाचून गृहस्थाचे जेवण शुद्ध होत नाही, ही आपली जुनी समजूत. दारावरच्या कावळ्यास आणि कुत्र्यास जो वाटा, तो चूलीशी वाढलेल्या मांजरास नाही, असे कसे म्हणता येईल?

मांजर मारले तर काशीस सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे घरोघरच्या आज्या सांगत आल्या. त्या धाकाने मांजर मारण्यास सहसा कोणाचा हात धजत नाही. परंतु म्हातारे मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा मासळीबाजाराजवळ सोडून येण्यास मात्र पुष्कळांचा हात धजतो. "तेथे त्याला खायला तरी मिळेल," असे म्हणून आपण मनाचे समाधान करून घेतो. मांजर हा स्थळाला धरून राहणारा प्राणी आहे. बारा-चौदा वर्षे एका घरात काढलेले, दात पडलेले, दृष्टी अधू झालेले मांजर परक्या हद्दीत सोडले, तर तेथली धडधाकट मांजरे व कुत्री त्याला अन्नापर्यंत पोहोचूच देत नाहीत. पोत्याचे तोंड सोडणाऱ्या हातास रक्त लागत नाही, एवढाच काय तो फरक. आपल्या देशाच्या कायद्यानेही हा फरक मानलेला नाही. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास सबळ कारणावाचून सोडून देणे हा अपराध ठरविला आहे. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी करुणा बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात आले.

"आता ते उंदीर धरीत नाही, नुसती घाण करते, ठेवून उपयोग काय?" असे वाक्य आपण पुष्कळ घरांतून ऐकतो. या वाक्याचे मूळ शोधू गेल्यास ते महाभारतात सापडते. शांतिपर्वात भीष्माचार्य युधिष्ठिरास एका मांजराची व उंदराची कथा सांगतात. लोमश नावाचे मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडले. पलित नावाच्या उंदरास त्याच वेळी एकीकडून मुंगूस व दुसरीकडून घुबड टपून बसलेले दिसले. दोघांनी संधी केली. उंदीर मांजराच्या कुशीत शिरून वाचला आणि पारधी जवळ येताच त्याने जाळे कुरतडून मांजरास मोकळे केले. नंतर मांजर मैत्रीच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा उंदराने बिळातूनच उत्तर दिले की आपले सख्य कार्यापुरते होते. कार्य संपले, सख्यही संपले.

ही नीती खोटी नव्हे. परंतु ती आपद्धर्माची नीती आहे, शत्रूशी करावयाच्या संधीची नीती आहे. जो युधिष्ठिर शरपंजरी पडलेल्या पितामहांपाशी बसून ही कथा ऐकत होता, त्यानेच महाप्रस्थानाच्या वेळी स्वर्गाच्या दाराशी काय केले, ते आठवावे. इंद्राने सांगितले की कुत्र्यास येथे प्रवेश नाही, त्यास सोडून रथात बैस. त्या कुत्र्याचा युधिष्ठिरास काही उपयोग उरला होता काय? राज्य मागे पडले होते, बंधू वाटेत पडले होते, राखण करावयास काही शिल्लक नव्हते. तरीही आश्रयास आलेल्याचा त्याग करून मिळणारा स्वर्ग त्याने नाकारला. उंदराची नीती त्याला पाठ होती. ती कोठे लागू करावयाची नाही, हेही तो जाणत होता. आपण मात्र पारध्याच्या जाळ्याजवळची ती नीती उचलून स्वयंपाकघरात आणतो.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. दहा-अकरा वर्षांनंतर मांजराचे वार्धक्य सुरू झाले असे समजावे. मांजर आपले दुखणे लपविते. म्हणून पाहणाऱ्याने डोळस असावे लागते. ते वारंवार पाणी पिऊ लागले, लघवी वाढली, अंग झडू लागले, तर मूत्रपिंडाचा जुनाट विकार असण्याचा संभव असतो. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार फार आढळतो. भरपूर खाऊनही मांजर वाळत चालले आणि अस्वस्थ फिरू लागले, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा दोष असू शकतो. मधुमेहही मांजरास होतो. उंच जागी उडी मारणे त्याने सोडले, तर ते आळशी झाले असे न समजता सांधे दुखत असतील असे समजावे. अंग चाटून स्वच्छ ठेवणे सोडले, तेही दुखण्याचेच चिन्ह. एकाएकी दिसेनासे झाले, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. आणि ज्या घाणीबद्दल त्यास मार बसतो, ती घाण बहुधा यांपैकीच एखाद्या दुखण्याची असते. कोपऱ्यातील ओल ही त्याची खोडी नव्हे. ती त्याची तक्रार आहे. बोलता येत नसल्यामुळे ती तशी लिहिली गेली, इतकेच.

अशा वेळी पशुवैद्यास दाखवावे. रक्ताची व लघवीची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाची झीज भरून येत नाही, परंतु योग्य आहार, औषध आणि पशुवैद्याने शिकविल्याप्रमाणे घरच्या घरी कातडीखाली सलाईन देणे, यांनी पुष्कळ मांजरांचे उरलेले दिवस सुखाचे होतात. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे. वाळूचे पात्र कमी उंचीच्या काठाचे, त्याच्या निजण्याच्या जागेजवळ असावे. थंडीत उबदार घडी अंथरावी. अन्न किंचित कोमट करून दिल्यास वास सुटतो व मंदावलेली भूक जागी होते. एक पूर्ण दिवस मांजराने अन्नास तोंड लावले नाही, तर वाट पाहू नये. उपवास मांजरास मानवत नाही. काही दिवसांतच त्याच्या यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येतो.

येथे दोन गोष्टी विशेष आग्रहाने सांगावयाच्या आहेत. माणसास तापावर देतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरास कदापि देऊ नये. ते औषध पचविण्याची शक्ती त्याच्या यकृतात नाही. एक गोळीदेखील प्राण घेऊ शकते. दयेपोटी दिलेले विष हे विषच असते. दुसरी गोष्ट आहाराची. आपल्या सभासदांत शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि तेथे मांजर दूधभातावर वाढविण्याची रीत आहे. परंतु मांजर हा जातीनेच मांसाहारी जीव आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरास पुरेसे तयार करता येत नाही. ते मांसमासळीतून मिळाले नाही तर दृष्टी जाते आणि हृदय कमकुवत होते. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. तरुणपणी ते उंदीर-पाली धरून आपली उणीव भरून काढते. म्हातारपणी ती सोय संपते. अशा घरांनी काय करावे? आपला आहारनियम हे आपले व्रत आहे. ते आपण घेतले, मांजराने घेतलेले नाही. दुसऱ्याच्या पोटावर पाळलेल्या व्रतास व्रत म्हणता येत नाही. सोवळ्याचा सांभाळ करून, भांडी वेगळी ठेवून, बाजारात मिळणारे तयार मांजरान्न अंगणात वा पडवीत देता येते. ज्यांना तेही अशक्य वाटते, त्यांनी शेजारधर्माची मदत घ्यावी. मात्र मार्ग काढावा.

या सेवेत श्रम आहेत, खर्च आहे, रात्री झोपमोड आहे, हे आम्ही नाकारीत नाही. देवघराचे दार लोटून ठेवावे, जमीन धुवावी, चादर बदलावी आणि पुनः उद्या तेच करावे, यात काव्य नाही. परंतु सेवा या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो. आपल्या देवळात पहाटे गाभारा धुणारे हात आणि घरी मांजराचे अंथरूण धुणारे हात यांच्या पुण्याची प्रतवारी लावण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही.

आणखी एक कठीण प्रश्न उरतो. उपाय थकले, वेदना थांबत नाहीत, अशा वेळी पशुवैद्य मरण सुलभ करण्याची सुई सुचवितात. धर्मास ते मान्य आहे काय? १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. महात्माजींनी विचारान्ती डॉक्टरांकरवी सुई टोचवून त्याची यातनांतून सुटका केली आणि 'नवजीवन' पत्रात आपली बाजू मांडली. त्यावर मोठा वाद माजला; अहिंसेच्या पुजाऱ्याने हिंसा केली, असे अनेकांनी त्यांस कळविले. आपल्या सभासदांतही या बाबतीत दोन मते असतील आणि दोन्ही मते अहिंसेच्याच नावाने मांडली जातील. आम्ही कोणावर निर्णय लादीत नाही. फक्त एक कसोटी पुढे ठेवतो. हा शेवट कोणाचा त्रास संपविण्यासाठी होत आहे, त्या जीवाचा की आपला? आपला कंटाळा संपविण्यासाठी असेल तर ते पोतेच आहे, केवळ त्यास दवाखान्याची चिठ्ठी लावलेली आहे. उलटपक्षी, आपल्या हातास पाप लागू नये म्हणून औषधही न देता, वेदना शमविण्याचा यत्नही न करता प्राण्यास तळमळत ठेवणे, हाही हात स्वच्छ ठेवण्याचाच हिशेब होय. पशुवैद्याचा सल्ला घ्यावा, घरातील सर्वांनी बसून विचार करावा आणि निर्णय कोणताही झाला तरी शेवटच्या घटकेस जवळ बसावे.

जवळ बसणे हे थोरांनी स्वतः आचरून दाखविले आहे. तिरुवण्णामलैच्या श्रीरमण महर्षींच्या आश्रमातील लक्ष्मी नावाची वृद्ध गाय १८ जून १९४८ रोजी गेली. त्या दिवशी महर्षी तिच्यापाशी जाऊन बसले, तिच्या मस्तकावर त्यांनी हात ठेविला. तिची समाधी आश्रमात आहे. तेथेच हरिण, कावळा आणि कुत्रा यांच्याही समाध्या आहेत. ज्ञान्याच्या अंगणात उपयोगाची चौकशी झाली नाही.

शेवटी एकच निवेदन. म्हाताऱ्या मांजराविषयी घरात जे बोलणे होते, ते मांजरास कळत नाही. परंतु आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या आजीस ते ऐकू येते. "आता उपयोग काय?" हे शब्द भिंतीपलीकडे जातात आणि ती आपल्या सुरकुतलेल्या हातांकडे पाहते. दारात उभे असलेले नातवंडही ते ऐकते आणि म्हाताऱ्यांचे काय करावयाचे असते, याचा पहिला धडा घेते. पुढे एक दिवस तो धडा आपल्यालाच म्हणून दाखविला जाईल. म्हणून ज्या कृपेची आपण देवाजवळ रोज याचना करतो, योग्यता न विचारणाऱ्या त्या कृपेचा एक घास, एक ऊबदार घडी, मानेवरून फिरविलेला एक हात, आपल्या आश्रितास द्यावा. ज्याच्या आईने आपल्याला शरणागती शिकविली, ते पिलू आता थकून आपल्या दाराशी परतले आहे. या खेपेस उचलून नेण्याची पाळी आपली आहे.

सर्व सभासद कुटुंबांस श्रीकृपेने ही बुद्धी व्हावी, हीच प्रार्थना.