सोसणाऱ्याला रात्र हवी

दुसऱ्याच्या सोशिकपणाचे कौतुक करणे हा सद्गुण आहे की पळवाट? आपल्या मंडळ्यांतून हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे एकटीने शुश्रूषा करणारी एखादी भगिनी असते. प्रार्थनासभेत आपण तिचे नाव घेतो, तिच्या धीराबद्दल देवाचे आभार मानतो आणि आपापल्या घरी जातो. तिच्या धीरामुळे आपल्यावर काही जबाबदारी येते काय, याचा विचार करणे आम्हांला एका वाळवंटी बागेच्या भेटीने भाग पाडले.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहरी ‘डेझर्ट बोटॅनिकल गार्डन’ नावाची सुमारे १४० एकरांची बाग आहे. ती १९३९ साली खुली झाली. बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि गुलाबाचे ताटवे येतात; येथे मात्र खडक, काटे आणि निवडुंग. त्या सर्वांत उंच सग्वारो. चाळीस फूट वाढणारा, दीडशे वर्षे जगणारा हा निवडुंग पाहिला की कोणीही म्हणेल, सोसावे तर याने! पाऊस पडला की त्याच्या अंगावरच्या घड्या पेटीच्या भात्याप्रमाणे उलगडतात आणि तो पाणी साठवून ठेवतो. तेच पाणी पुढे त्याला महिनोन्‌महिने पुरते.

परंतु हा सोशिक वीर एकट्याच्या बळावर उभा राहिलेला नाही. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम एक-दीड इंच वाढतो. त्या वयात उघड्यावर राहिला तर उन्हाने करपतो किंवा थंडीने गारठतो. म्हणून बहुधा तो पालो वेर्देच्या किंवा मेस्किटच्या (आपल्याकडील वेड्या बाभळीच्या भाऊबंदाच्या) सावलीतच वाढीस लागतो. अशा झाडाला तिकडे ‘दाई-झाड’ म्हणतात. त्याला पहिली फांदी फुटायला पन्नास ते पाऊणशे वर्षे लागतात. आज ज्याची आपण उंची पाहतो, त्याला सावली देणारे झाड कित्येकदा केव्हाच मरून गेलेले असते.

दुसरी गोष्ट रात्रीची. दिवसा रंध्रे उघडली तर अंगातले पाणी उडून जाईल, म्हणून सग्वारो ती मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो. अन्न तयार करण्यासाठी लागणारा वायू तो रात्रीच आत घेतो. म्हणजे दिवसाचे ऊन तो सोसतो ते रात्रीच्या भरवशावर.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाईट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याच्याही वर गेला. कित्येक रात्री तो ९० अंश फॅरनहाईटच्या खाली उतरलाच नाही. तेव्हा याच बागेतील काही सग्वारोंच्या फांद्या गळाल्या, काही मुळापासून कोसळले. दिवसाचे कडक ऊन त्यांच्या परिचयाचे होते. विसावा देणारी रात्र त्यांना मिळाली नाही.

कोणी म्हणेल, “संकटांनीच धीर उत्पन्न होतो असे शास्त्र शिकविते, मग ओझे हलके करून माणसाला दुबळे का करावे?” या आक्षेपात तथ्य आहे. निवडुंगाला फार पाणी घातले तर तो कुजतो. प्रत्येक माणसाला स्वतःचे ऊन असते आणि ते दुसऱ्याला घेता येत नाही. पण ऊन काढून घेणे वेगळे आणि रात्र मिळवून देणे वेगळे. त्या भगिनीची सासू आपण बरी करू शकत नाही. आठवड्यातून एक दुपार तिच्या जागी बसू शकतो.

एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवदूताने त्याला धीराचे प्रवचन दिले नाही. त्याला भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खावयास दिले. पुढचा चाळीस दिवसांचा मार्ग एलीयालाच चालावा लागला, पण विसाव्यानंतर.

म्हणून आम्हांला वाटते की, केवळ कौतुक करून थांबणे ही पळवाटच होय. “तुम्ही किती सोसता!” असे म्हणताना आपण त्या माणसावर आणखी एक ओझे ठेवतो: त्याने थकू नये, हे. मग तो थकल्याचे सांगायलाही लाजतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. वर्गात डुलक्या घेणारा एखादा मुलगा आदल्या रात्री उशिरापर्यंत चहाच्या गाडीवर कपबश्या विसळत असेल. त्याला आळशी म्हणू नका, शूरही म्हणू नका. त्याच्या घरी जा आणि त्याची रात्र कोठे हरवली, ते आधी विचारा.