पुसलेलं नाव

माझ्याकडे कॉनराड फाइटचं एक पोस्टकार्ड आहे. 'डॉ. कॅलिगारी'मध्ये (१९२०) झोपेत चालणारा तो उंच, काळा माणूस. कार्ड बर्लिनच्या रोस फर्लागचं. साधारण नऊ बाय चौदा सेंटिमीटरचा फोटो, खाली प्रकाशनाचं नाव आणि क्रमांक. मूकपटाच्या काळात लोक अशी कार्डं विकत घेत, सहीसाठी नटांकडे पाठवत, आणि नशीब असेल तर ती सही होऊन परत येत.

यावरची सही खरी आहे. कार्ड दिव्याखाली तिरकं धरलं, की शाई फोटोच्या चकाकीवर वेगळी दिसते. छापील सही फोटोतच मुरलेली असते. पण त्याच तिरक्या उजेडात सहीच्या वर एक मंद, बोटभर पट्टाही दिसतो. तिथे कुणाचं तरी नाव होतं. चकचकीत कागदात शाई फारशी मुरत नाही, ओल्या कापसाने निघते. बाजारात 'अमुकला सप्रेम' असलेल्या कार्डापेक्षा नुसत्या सहीला सहसा जास्त भाव येतो, म्हणून कुणीतरी ती माणूस पुसून टाकली. माणूस म्हणजे मुलगी असावी, असं मी उगाच धरून चाललोय.

दुसरं कार्ड रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचं. यावरची सही त्याची नाही. हॉलिवुडमध्ये चाहत्यांच्या पत्रांचे ढीग येत, आणि सेक्रेटरी किंवा घरातलं कुणी नटाच्या नावाने सह्या करून मोकळं होई. संग्राहकांच्या लेखी अशा कार्डाची किंमत जवळजवळ शून्य. मात्र याच्या चारही कोपऱ्यांना अल्बमच्या डिंकाचे डाग आहेत. ते कुणीतरी वर्षानुवर्षं जपलं. १९२६ साली एकतिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा कदाचित बाहेर काढून पाहिलंही असेल.

यातलं खोटं कार्ड कोणतं?

'हे कसले प्रश्न, आम्ही वारसा जपतो,' असं संग्राहक म्हणतात. मीही म्हणत आलो. त्यात तथ्य आहे. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथल्या सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. थेडा बाराचे बहुतेक चित्रपट गेले. १९३७ साली न्यू जर्सीतल्या फॉक्सच्या गोदामाला आग लागली, त्यात कितीतरी रिळं जळाली. जिथे पडद्यावरचा चेहराच राहिला नाही, तिथे नऊ बाय चौदाचा तुकडाही मोठा. पण नायट्रेटची फिल्म आपोआप पेट घेते. कापूस ओला करावा लागतो. आणि ज्या माणसाने तिकीट काढून अंधारात बसून तो चेहरा पाहिला, त्याचंच नाव जपणाऱ्यांनी काढून टाकायचं, हे मला आता पचत नाही. ती सही त्याला दिलेलं उत्तर होती.

गेल्या महिन्यात एका संग्राहकाने फाइटचं कार्ड मागितलं. वर नाव होतं, पुसलेलं आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "चालेल हो. वाचता येत नाही ना?"

मी कार्ड दिलं नाही. पण त्याचं श्रेय घेण्यात अर्थ नाही. कार्ड विकत घेताना मीही हेच विचारलं होतं.