पाचवं कारण

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. दैव पाचवं आहे. या क्रमाला किती अर्थ आहे, हे मला सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपाशी कळलं.

मी सोसायटीचा खजिनदार. 84 फ्लॅटची मेंटेनन्सची बिलं एक्सेलमधल्या मॅक्रोने मेलवर जातात. मॅक्रो मीच लिहिलेला. बटण दाबलं की एकेका नावासमोर ‘पाठवले’ उमटत जातं. एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. “अहो, बिलच आलं नाही, मग उशिराचं व्याज कसलं?” मी त्यांना स्क्रीनवरचं ‘पाठवले’ दाखवलं. “स्पॅममध्ये बघा काकू. मेलचं काय, एखादा नाही पोचत.” काकूंनी मुकाट्याने व्याजासकट चेक लिहिला.

रात्री चैन पडेना. मॅक्रो उघडला. वरच ओळ होती: ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. म्हणजे चूक झाली तरी थांबू नकोस, पुढची ओळ चालव. आणि मेल पाठवण्याच्या पुढचीच ओळ होती ‘पाठवले’ लिहिण्याची! ती सूचना काढून फक्त काकूंचं बिल पाठवून पाहिलं. लगेच एरर. पत्त्यात ‘कॉम’च्या आधी टिंबाऐवजी स्वल्पविराम पडला होता. पत्ता मीच टाइप केला होता.

जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवण्याच्या, नियमांत सर्व्हरने मेल स्वीकारला की 250 हा आकडा परत येतो. तसं खातंच नसेल तर 550. यंत्र उत्तर देतं. ते ऐकायचंच नाही, अशी सोय मी करून ठेवली होती.

फळावर आपला अधिकार नाही, हे आपण फार लवकर तोंडावर आणतो. माझ्या मते 250 हाती येईपर्यंतचं सगळं कर्मच आहे. पत्ता तपासणं कर्म, एरर वाचणं कर्म. त्यापुढे मेल स्पॅममध्ये गेला, कुणी उघडलाच नाही, तर ते दैव. आधीची चार कारणं तपासल्याशिवाय पाचव्याचं नाव घेणं हा काकूंवर अन्याय होता.

व्याज परत केलं, चूक माझी होती हेही त्यांना सांगितलं. आता एरर आली की मॅक्रो थांबतो आणि ती ओळ लाल होते. गेल्या महिन्यात तीन ओळी लाल झाल्या. तिन्ही पत्ते मीच चुकीचे टाइप केले होते.