छायेचें प्रामाण्य

धूर दिसला म्हणजे अग्नि आहे असें अनुमान करावें. परंतु अग्नि आहे एवढ्यावरून धूर असलाच पाहिजे असें म्हणूं नये, कारण धूर निघावयास इंधन ओलें असावें लागतें, हा न्यायशास्त्राच्या पहिल्या इयत्तेंतला धडा होय. इंधनाच्या या ओलेपणास आपले नैयायिक ‘उपाधि’ म्हणतात. उपाधि लक्षांत न घेतां केलेलें अनुमान ऐकावयास कितीहि पक्कें वाटलें तरी लंगडें असतें. वर्गांत हा धडा शिकवितांना फारसा कोणी जागा नसतो. पण २०२० व २०२१ या दोन वर्षांत, कोरोनाच्या साथींत, महाराष्ट्रांतील घराघरांतून जें अनुमान चाललें होतें तें पाहून मला त्या ओल्या इंधनाची वारंवार आठवण होई.

त्या दिवसांत आजाऱ्याची विचारपूस करण्याची रीतच पालटली. ताप किती, जेवण जातें का, हे जुने प्रश्न मागें पडले व ‘स्कोअर किती?’ हा एकच प्रश्न उरला. उत्तर पंचवीसांपैकीं येई. कोणाचा सहा, कोणाचा चौदा. परीक्षेच्या गुणांवर वाढलेल्या आपल्या मध्यमवर्गास ही भाषा चटकन् कळली यांत नवल नाहीं. फरक इतकाच कीं, येथें गुण जितके कमी तितका आनंद अधिक.

हा आंकडा येतो कोठून तें पाहावें. छातीच्या सी.टी. स्कॅनमध्यें निरोगी फुप्फुस हवेनें भरलेलें म्हणून काळें दिसतें. विषाणूमुळें तेथें सूज आली कीं पांढुरकी झांक उमटते. (तिला आपण छाया म्हणतों, आणि ती असते काळ्यावर पांढरी! असो.) उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन असे पांच खंड, प्रत्येकाचा किती भाग त्या झांकेनें व्यापला तें पाहून त्यास पांचांपैकीं गुण द्यावयाचे, आणि बेरीज करावयाची. रोगानें किती जागा धरली एवढेंच ही बेरीज सांगते. रोगी किती आजारी आहे हें तिच्यावरून काढावयाचें तर मधें एक अनुमान करावें लागतें, आणि उपाधि दडून बसते ती नेमकी तेथें.

जपानांत योकोहामा बंदरांत फेब्रुवारी २०२० मध्यें ‘डायमंड प्रिन्सेस’ हें जहाज अडकून पडलें होतें. त्यावरील १०४ बाधितांच्या स्कॅनचा अभ्यास पुढें प्रसिद्ध झाला. त्यांतील ७६ जणांना कसलेंहि लक्षण नव्हतें. तरी त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या फुप्फुसांत झांक सांपडली. उलटपक्षीं, आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत काढलेलें चित्र पुष्कळदां स्वच्छ येतें, आणि छाया भरास येते ती सुमारें दहाव्या दिवशीं. तेव्हां येथलें ओलें इंधन म्हणजे दिवस. कितवा दिवस हें विचारल्यावांचून चौदा हा आंकडा चढणीवरचा कीं उतारावरचा हें कोण सांगणार?

रक्ताच्या परीक्षांचेंहि असेंच आहे. सी.आर.पी. हें द्रव्य १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत सांपडलें, तेंहि न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तांत. शरीरांत दाह वाढला कीं तें वाढतें. पण दाह विषाणूचा, जंतूचा कीं सुजलेल्या सांध्याचा, याविषयीं तें मुकें असतें. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळतांना मागें राहणारा अंश. वुहानमधील १९१ रुग्णांच्या अभ्यासांत, दाखल होतांना ज्यांच्या रक्तांत हा अंश एका मर्यादेपलीकडे होता त्यांच्यांत मृत्यु अधिक आढळले. ‘अधिक आढळले’ हे दोन शब्द समूहाविषयीं आहेत. आपल्या वडिलांच्या कागदावर तोच आंकडा वाचणाऱ्या मुलाला समूह दिसत नाहीं. त्याला वडील दिसतात.

कोणी म्हणेल, अधिक कळलें तर बिघडलें कोठें? ज्ञानानें कोणाचें अहित होतें काय? या प्रश्नाचें उत्तर एका औषधाच्या इतिहासांत सांपडतें. जून २०२० मध्यें ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ परीक्षणांत असें दिसलें कीं, डेक्सामेथासोन दिल्यानें श्वासयंत्रावरील रुग्णांतील मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटले, नुसता प्राणवायु लागणाऱ्यांतील एकपंचमांशानें; ज्यांना प्राणवायु लागतच नव्हता त्यांना कांहींहि लाभ झाला नाहीं. औषध कोणास द्यावें हें ठरविणारी गोष्ट श्वास ही होती. पण आंकड्यानें हबकलेलें घर डॉक्टरांस म्हणे, “कांहींतरी चालू कराच.” भीतीवरचें औषध मग रोग्याच्या पोटांत जाई.

म्हणून आंकडे फेकून द्यावे, असें मात्र मी म्हणणार नाहीं. या रोगांत रोग्याचा शब्दहि दगा देतो. खुर्चींत बसून ‘मला कांहीं होत नाहीं’ म्हणणाऱ्याचा प्राणवायु धोक्याच्या रेषेखालीं गेलेला डॉक्टरांनीं पाहिला आहे. तेथें बोटाला लावलेला चिमटा रोग्याहून खरें बोलतो. पुढें त्याच परीक्षणांत टोसिलिझुमॅबची परीक्षा झाली तेव्हां प्राणवायु ९२ टक्क्यांखालीं आणि सी.आर.पी. ७५ किंवा त्याहून अधिक, अशीं दोन्ही लक्षणें एकत्र असलेले रुग्ण निवडले. दोन साक्षीदार एकमेकांस ताडून पाहावे, ही रीत न्यायालयाइतकीच जुनी आहे.

मला अधिक टोंचते ती निराळी गोष्ट. महाराष्ट्र सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें या स्कॅनचा दर यंत्राप्रमाणें २,००० ते ३,००० रुपये ठरवून दिला, आणि तें योग्यच केलें. पण तेवढी रक्कम देखील ज्याच्या हातांत नाहीं असा माणूस २०२१ च्या एप्रिलांत, खाटा अपुऱ्या असतां, रुग्णालयाच्या दाराशीं उभा राही, तेव्हां शेजारच्याजवळ कागद असे आणि याच्याजवळ नुसती धाप. कागदावर आंकडा असतो. धापेला आंकडा नसतो. दाराशीं बसलेला मनुष्य दमलेला व घाबरलेला असला म्हणजे त्याला आंकड्याचाच आधार वाटतो. यांत दुष्टपणा कोणाचाच नव्हता. जें मोजलेलें आहे तें खरें, आणि जें समोर आहे तें संशयित, अशी एक संवय मात्र आपल्या सर्वांच्याच अंगीं मुरली होती.

गंमत अशी कीं, छाया वाचणाऱ्या तज्ज्ञांस हें ठाऊक होतें. पुष्कळशा अहवालांच्या तळाशीं बारीक अक्षरांत एक ओळ असे: रुग्णाच्या प्रत्यक्ष स्थितीशीं हें पडताळून पाहावें. तो कागद हातोहात फिरे, त्याचें छायाचित्र आप्तेष्टांच्या मोबाइलवर जाई, आणि त्यांत बहुधा वरचा आंकडा तेवढा येई. ती ओळ चित्राच्या बाहेर राहिलेली असे.