विकतची शिकवणी आणि घरची शाळा

विद्या विकावी काय, हा प्रश्न फार प्राचीन आहे. सॉक्रेटिसाने आपल्या शिष्यांकडून मोबदला घेतला नाही. त्याच अथेन्स नगरीत प्रोटॅगोरससारखे पंडित भारी शुल्क घेऊन तरुणांना वक्तृत्वाचे पाठ देत असत. विद्या विकत घ्यावी काय, हा त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो आईबापांच्या वाट्याला आलेला आहे. आज तो एका विशेष रूपात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी कुटुंबे आपल्या महाराष्ट्रात थोडी आहेत, पण आहेत. कोणी मुलाच्या आजारपणामुळे, कोणी शाळेतील जाचामुळे, तर कोणी पूर्ण विचारांती ही वाट धरतो. परीक्षेचे दार त्यांना बंद नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला खाजगीरीत्या बसता येते. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेचाही मार्ग खुला आहे. अडचण येते ती मूल तेरा-चौदा वर्षांचे झाल्यावर. तोवर आईची अक्षरओळख, वडिलांचा हिशेब आणि घरातील चार पुस्तके पुरतात. मग बीजगणित येते, रसायनशास्त्र येते, इंग्रजी निबंध येतो आणि आईबापांची शिदोरी संपते. अशा वेळी पैसे मोजून बाहेरचा क्लास लावावा काय? ज्यांची मुले शाळेत जातात त्यांनीही हा प्रश्न परका मानू नये. सोलापुरात दोन-तीन ठिकाणची शिकवणी नसलेला दहावीचा विद्यार्थी शोधावा लागेल, आणि मुलाला लातूरला ठेवायचे की पुण्याला, हा अनेक घरांतील उन्हाळ्याचा मुख्य विषय असतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की अखेर बाहेरच जायचे होते तर मूल घरी ठेवले कशाला? हा आक्षेप ठसकेबाज असला तरी योग्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि त्याच ठिकाणी, हे कर्तव्य पार पाडताना कुटुंबाला साऱ्या समाजाचे साहाय्य लागते, असेही म्हटले आहे. प्रमुख असणे म्हणजे एकटे असणे नव्हे. आपल्या सोलापूरचेच उदाहरण घ्या. येथील विणकराच्या घरी माग चालविण्याची विद्या बापाकडून मुलाकडे आली. परंतु जकार्डवरील नक्षीचे पुठ्ठे छिद्रून देणारा कारागीर बहुधा निराळा असतो. पुठ्ठे बाहेरून आणले म्हणून चादर परक्याची होत नाही. कोणती नक्षी घ्यायची आणि किती लांबीचे कापड काढायचे, हे मागावर बसलेल्याने ठरविले म्हणजे झाले.

याहून मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने तीर्थयात्रांच्या वणवणीत भल्या पहाटे लेकीला उठवून तेच धन तिच्या पदरी घातले. सोळाव्या वर्षी दुष्काळाने आईबाप नेले. तरी चार वर्षांत, १८७८ साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी या घरी शिकलेल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण इंग्रजी किंवा आधुनिक विज्ञान त्या घरात नव्हते. ते त्यांनी पुढे इंग्लंडमध्ये, वाँटेज येथील धर्मभगिनींच्या सहवासात आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संपादन केले. शिकता शिकता तेथे त्यांनी संस्कृत शिकविलेही. पुण्याला जाताना वाटेत लागणाऱ्या केडगावी त्यांचे मुक्ती मिशन आजही उभे आहे. यातला क्रम ध्यानी घ्यावा. जिज्ञासा घराने दिली, साधने बाहेरून आली. जिज्ञासा घरी रुजली नसती तर चेल्टनहॅमच्या पाठांचा त्यांना कितपत उपयोग झाला असता, हा विचार करण्यासारखा आहे.

मग प्रश्न उरतो तो असा, की शुल्क भरून आपण नेमके काय विकत घेतो? आमच्या मते तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पावतीत गुंडाळलेल्या असतात. पहिली गोष्ट घरात नसलेले ज्ञान अथवा साधन: प्रयोगशाळा, परकी भाषा, गणिताचा जाणकार शिक्षक, बरोबरीच्या मुलांची संगत. दुसरी गोष्ट परीक्षेचा सराव. तिसरी गोष्ट आईबापांच्या मनाची समजूत. पहिलीसाठी पैसा देणे रास्त आहे. ऐपत असेल तर ते कर्तव्यही ठरते. दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. भाव पाहून घ्यावी. तिसरी मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. शेजारच्यांचा मुलगा तीन क्लासना जातो म्हणून वाटणारी धास्ती फी भरल्याने एक आठवडा शमते, आणि चाचणीचा निकाल आला की दुप्पट होऊन परत येते.

संत ऑगस्टीन यांनी या व्यवहाराच्या तिन्ही बाजू स्वतः अनुभवल्या होत्या. त्यांचे वडील पॅट्रिशियस हे थागास्ते गावचे बेताच्या उत्पन्नाचे गृहस्थ. मुलाला कार्थेजला धाडण्यापुरता पैसा जमेपर्यंत सोळा वर्षांच्या ऑगस्टीनला वर्षभर घरी रिकामे बसावे लागले. ऐपतीबाहेर खर्च करणाऱ्या या पित्याची साऱ्यांनी वाहवा केली. परंतु मुलगा वक्ता व्हावा एवढीच वडिलांना काळजी होती, तो माणूस म्हणून कसा घडतो आहे याची नव्हती, अशी खंत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात नोंदवितात. पुढे ते स्वतः शुल्क घेणारे शिक्षक झाले, तेव्हा रोममधील विद्यार्थी पैसे देण्याची वेळ आली की संगनमताने दुसऱ्या गुरूकडे निघून जात. आणि शेवटी ते एका किशोरवयीन मुलाचे पिता होते. इ. स. ३८९ च्या सुमारास त्यांनी ‘शिक्षक’ या अर्थाच्या नावाचा एक संवाद लिहिला. त्यात त्यांच्याशी बोलणारा त्यांचाच मुलगा अदेओदातुस आहे, आणि त्याच्या तोंडचे विचार त्या सोळा वर्षांच्या मुलाचे स्वतःचेच आहेत, अशी ग्वाही पित्याने दिली आहे. बाहेरचा शिक्षक शब्दांनी केवळ खूण करतो, सत्य पटते ते आतल्या गुरूच्या प्रकाशात, असा त्या संवादाचा निष्कर्ष आहे. तो मुलगा पुढे लवकरच वारला. पित्याने त्याच्याशी घालविलेला तो वेळ कोणत्याही शुल्कात मोजता आला नसता. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेताना शिक्षकाची तुलना वैद्याशी केली. शरीर बरे होते ते आपल्या अंगच्या शक्तीने. वैद्य तिला मदत करतो. औषध कितीही महागडे असले तरी रोग्याच्या वतीने बरे होण्याचे काम ते करीत नाही.

हे सारे प्रत्यक्षात कसे उतरते, ते आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात आम्ही पाहिले. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, आई बारावी शिकलेली. मोठ्या मुलीची शाळा सहावीत आजारपणाने सुटली ती सुटलीच. आई तिला घरी शिकवू लागली. मुलगी चौदा वर्षांची झाली आणि बीजगणितापाशी दोघी अडल्या. नातेवाइकांनी एका मोठ्या क्लासचे नाव सुचविले. वर्षाची फी वडिलांच्या दोन पगारांइतकी होती आणि ती एकरकमी मागितली होती. धाकटा भाऊ शाळेत. त्याचाही खर्च होताच. येथे वाचकांना एक माहिती असावी. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पन्नासाहून अधिक विद्यार्थी असलेल्या क्लासने सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची हमी देऊ नये, आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. चौदा वर्षांच्या मुलीला प्रवेश देण्यास तो क्लास आनंदाने तयार होता, यावरूनच आईबापांनी काय ते ओळखले.

त्यांनी एक साधी गोष्ट केली. मुलीलाच विचारले. ती म्हणाली, “मला फक्त गणित हवे आहे, आणि बरोबर बसायला कोणीतरी हवे आहे.” पेठेतील एक निवृत्त शिक्षक पाच-सहा मुलांना घरी शिकवीत, महिन्याची फी महिन्याला. तेथे तिला तीन महिन्यांच्या कसोटीवर घातले. नाताळच्या खरेदीला त्या वर्षी कात्री लागली. ‘तू कोणत्या शाळेत?’ असे सोबतच्या मुलांनी विचारले की ती गप्प होई, आणि घरी येऊन आईवर चिडे. पण तिसऱ्या महिन्यात ती आईला वर्गसमीकरण समजावून सांगू लागली. विज्ञानाच्या प्रयोगांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्यासाठी पैसा कोठून उभा करावा, की विज्ञानाचा हट्टच सोडावा, याचा निर्णय त्या घराला अजून घ्यायचा आहे. आणि तो चुकला तर किंमत मुलीला मोजावी लागेल, हे त्यांना ठाऊक आहे.

या उदाहरणातून आम्हांला तीन कसोट्या दिसतात. क्लास लावल्यावर मूल घरी अधिक प्रश्न विचारू लागले की कमी? बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला तेव्हा तो ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता, असे संत लूक सांगतात. जेथे फक्त ऐकायचेच असते, तेथे अर्धेच शिक्षण मिळते. दुसरी कसोटी: ही फी घरातील कोणाच्या वाट्यातून जाते? पुष्कळ घरांत ती मुलाच्या क्लाससाठी मुलीच्या शिक्षणातून जाते. हा अन्याय आहे, मग मुलगा कितीही गुण मिळवो. तिसरी: क्लास सोडण्याची मोकळीक आपण राखली आहे काय? एकरकमी फी भरलेला बाप मुलाचे ऐकू शकत नाही, कारण त्याच्या कानाशी पैसा बोलत असतो.

आणखी एक गोष्ट धर्मग्रामातील बंधुभगिनींसाठी. ज्यांना फी परवडत नाही अशी मुले आपल्या शेजारीच राहतात. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, अभियंते आहेत, परिचारिका आहेत. मिस्सेनंतर रिकामे पडणारे सभागृह आहे. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे. म्हणून शिकविणाऱ्याला मानधन द्यावे, ज्याची ऐपत आहे त्याने दुसऱ्याचा वाटा उचलावा, आणि घरी शिकणाऱ्या मुलाला शाळेतल्या मुलांशेजारी बसवावे.

जून जवळ आला की क्लासच्या जाहिराती दारात येऊन पडतात. अर्ज भरण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलासाठी राखावी. त्याला काय येते, काय अडते, कशाची भीती वाटते, हे त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि मग जेवढे घरात नाही तेवढ्यापुरतेच बाहेर जावे.