रांग बदलते तेव्हा

1 नोव्हेंबर 1956 रोजी धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. कचेऱ्या जागच्या जागी राहिल्या, सरकार बदललं. मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र, कच्छ आणि जुनं मुंबई राज्य इथले कर्मचारी एकाच सरकारचे झाले. मग प्रश्न आला: इतक्या रांगांची एक रांग करताना पुढे कोण, मागे कोण?

राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 मध्ये आश्वासन होतं की, केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय या लोकांच्या सेवाशर्ती त्यांचं नुकसान होईल अशा बदलायच्या नाहीत. हैदराबाद राज्यात 1955 च्या नियमाने उपजिल्हाधिकाऱ्यांची सगळी पदं बढतीने भरली जायची. 1959 च्या नव्या नियमांनी त्यातली निम्मी सरळसेवा भरतीला दिली. हैदराबादेतून आलेले तहसीलदार कोर्टात गेले. 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने या मुद्द्यावर सांगितलं: बढतीसाठी विचार होणं ही सेवाशर्त आहे, बढतीची नुसती शक्यता ही सेवाशर्त नाही.

हे पटण्यासारखं आहे. प्रत्येक आशेला हक्क मानलं तर कुठलाच नियम कधी बदलता येणार नाही. शिवाय आज धाराशिवच्या अभ्यासिकेत बसून उपजिल्हाधिकारी व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मुलीला दार उघडं आहे, ते सरळसेवेमुळेच.

पण ‘हक्क नव्हता’ म्हणजे ‘काही देणंही नव्हतं’ असं होतं का? मला नाही वाटत. त्या तहसीलदारांनी आयुष्याचा हिशेब मांडला होता तो सरकारनेच लिहिलेल्या नियमावर. शब्द देणारं सरकार गेलं, तरी त्या शब्दाच्या भरवशावर घालवलेली वर्षं परत येत नाहीत.

प्रश्न जुना झालेला नाही. 1 मे 2025 ला महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एक झाल्या. अशा प्रत्येक विलीनीकरणात दोन ज्येष्ठता याद्यांची एक यादी करावीच लागते.

माझ्या मते न्याय्य वाट एवढीच: नवा नियम नव्यांना लावा, आधीपासून रांगेत असलेल्यांना काही वर्षं जुन्या नियमाने पुढे जाऊ द्या. त्यासाठी अभ्यासिकेतल्या मुलीला थोडं थांबावं लागेल, हे खरं. पण नोकरी लागल्यावर तीही अशाच एका रांगेत उभी राहणार आहे.